भिजल्या सुपारीचा आवाज

स्टुटगार्टच्या त्या गिअरबॉक्सच्या कारखान्यात पद्माकरला 'हेर शेणोलीकर', म्हणजे श्रीयुत शेणोलीकर, अशी नावाने हाक मारणारे थोडे आणि 'दास ओर' म्हणणारे फार. दास ओर म्हणजे कान. नुसता कान. गावात पाटील एकच असला की त्याला नाव लावावं लागत नाही, तसं ते होतं.

हा कान त्याला बापाकडून मिळाला. वासुदेवरावांचं कृष्णाकाठच्या शेणोलीत ऑइल इंजिनं दुरुस्त करायचं दुकान होतं. इंजिन चालू करायचं, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक त्याच्या अंगाला टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटून उभं राहायचं. बघणाऱ्याला वाटावं, माणूस उभ्याउभ्या झोपला. मग डोळे उघडून म्हणायचे, "पिस्टन नाही, बेअरिंग आहे. खोला." खोललं की बेअरिंगच निघायचं. पद्माकर शेजारी उभा राहून विचारायचा, "तुम्हाला कसं कळतं?" ते म्हणत, "ते बोलतंय. तू गप बस, म्हणजे तुलाबी कळंल."

पद्माकर गप बसायला शिकला. पुढे इंजिनिअर झाला, पुण्यात नोकरी केली आणि नव्याण्णव साली जर्मनीत आला. पहिल्याच आठवड्यात एक गिअरबॉक्स अडून बसला होता. सगळी मोजमापं बरोबर होती, पण गाडीत बसवला की कुरकुरत होता. पद्माकरने लांब स्क्रूड्रायव्हर मागितला. तिघे जर्मन इंजिनिअर एकमेकांकडे बघून हसले. त्याने डोळे मिटले आणि थोड्या वेळाने मोडक्या जर्मनमध्ये सांगितलं, तिसरा गिअर, एकच दात. खोलला. तिसरा गिअर, एकच दात. त्यानंतर कुणी हसलं नाही.

मग त्याला एक खोली मिळाली. जाड स्पंजच्या भिंतींची आणि एका काचेची. जोडणीच्या लाइनवरून ज्या गिअरबॉक्सबद्दल शंका येई तो त्या खोलीत येई, फिरवला जाई, आणि पद्माकर म्हणेल ते शेवटचं. अठरा वर्षं ती खोली त्याची होती. आवाजांना त्याने आपली नावं दिली होती. कडी सैल असली की पैंजण. बेअरिंग कोरडं असलं की जातं. आणि सुपारी. खोक्यातून नेताना दोन गिअर एकमेकांवर आपटले की दाताला केसाएवढा टवका पडतो. मग दर फेऱ्याला एकदा कट् होतं, अडकित्त्यात सुपारी फुटावी तसं. टवका अगदीच बारीक असला तर कट् सुद्धा होत नाही, नुसतं काहीतरी दबल्यासारखं वाटतं. त्याला तो भिजली सुपारी म्हणे. ती सगळ्या कारखान्यात त्याला एकट्यालाच ऐकू येई. उत्पादनप्रमुख आयझेले, मिशीवाला श्वाबी, म्हणजे त्याच मुलखातला माणूस, पाहुण्यांना घेऊन काचेपाशी यायचा आणि मोठ्या कौतुकाने सांगायचा, "हा आमचा कान. आता ऐका, हा म्हणेल, सुपाऽरी."

दोन हजार सतराच्या वसंतात हृषिकेश आला. पुण्याचा, एकोणतीस वर्षांचा, चष्मेवाला, बोलायला गोड. त्याच्याबरोबर राखी रंगाचं एक खोकं आलं, त्याला चार मायक्रोफोन. लाइनवरच्या लोकांनी खोक्याचं दुसऱ्या दिवशीच गुस्टाव असं बारसं केलं. गुस्टावला ऐकायला शिकवायचं होतं. शिकवणार कोण? आयझेले पद्माकरच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "तुमच्याशिवाय कोण?"

सहा हजार ध्वनिमुद्रणं होती. कानाला हेडफोन, समोर दोन बटणं. चांगल्याला हिरवं, सदोषाला लाल.

"काका, तुम्ही फक्त ऐका आणि बटण दाबा," हृषिकेश म्हणाला. "नियम सांगत बसू नका. नियम तो आपला आपण शोधेल."

"तो?"

"म्हणजे, ते."

"तो काय, तो? जावई आहे का माझा?"

हृषिकेश हसला. पद्माकर हसला नाही. घरी बायकोला, ऊर्मिलाला, म्हणाला, "सवत आणायची, आणि तिला हळदही आपणच लावायची, असा प्रकार आहे हा."

"अहो, खोकं आहे ते," ऊर्मिला म्हणाली. "सवत चुलीपाशी येते. ते कुठे येतंय?"

पण ते येत होतं. रोज एक पाऊल पुढे येत होतं. मे महिन्यात गुस्टावला पैंजण ओळखता आलं. मेअखेरीला जातं. हृषिकेश धावत सांगायला येई, बाळाने पहिलं अक्षर काढल्यासारखा, आणि पद्माकर म्हणे, "छान." पाहुणे अजून येत होते. पण आता आयझेले काचेपाशी थांबत नसे. चालता चालताच बोट दाखवी, "ह्यांनी त्याला शिकवलं," आणि घोळका पुढे जाई, खोक्याकडे. पद्माकर काचेतून त्यांच्या पाठी बघत बसे. माणसाने माणसाला मागे टाकलं तर त्याच्याशी भांडता येतं, त्याची उणीदुणी काढता येतात, चहाला बोलावून मनातल्या मनात शिव्या देता येतात. ह्या खोक्याला ना तोंड ना पाठ. त्याचा मत्सर करायचा म्हटला तरी कुठून धरून करायचा, हेच कळत नव्हतं.

जूनमध्ये कारखान्याचा कुटुंबदिन आला. दरवर्षी त्या दिवशी पद्माकरचा एक खेळ असे. डोळे बांधायचे, आणि मुलांनी आपापल्या बापाच्या किल्ल्यांचा जुडगा वाजवायचा. पहिल्यांदा एकदा ऐकला की पुन्हा कुणाचा वाजला ते पद्माकर सांगे. मुलांची रांग कँटीनपर्यंत जाई, आणि लहानपणापासून त्या रांगेच्या तोंडाशी शमिका उभी असे, राजकन्येसारखी, कारण तो तिचा बाप होता. ती आता चौदा वर्षांची झाली होती.

ह्या वर्षी खेळाच्या टेबलापाशी दोन लहान मुली आल्या. बाकीची सगळी गुस्टावपुढे. मुलं किल्ल्या वाजवत होती, टाळ्या वाजवत होती, शिट्ट्या मारत होती आणि पडद्यावर आवाजाचे रंगीत डोंगर उठत होते. शमिका तिथेच. हृषिकेश तिला काहीतरी समजावत होता आणि ती जर्मनमध्ये प्रश्नांवर प्रश्न विचारत होती. बापाला तिने कधी विचारलं नव्हतं, तुम्हाला कसं कळतं म्हणून. अठरा वर्षांत घरात तो प्रश्न कुणी विचारलाच नव्हता, आणि आज ती खोक्याला विचारत होती.

घरी जाताना तो म्हणाला, "आवडलं वाटतं गुस्टाव?"

"फोल कूल, पापा," ती म्हणाली, म्हणजे एकदम भारी, आणि कानात आपली इअरफोनची बोंडं घातली.

सोमवारी हृषिकेशने शेवटचा गठ्ठा दिला. "हे सगळे अवघड आहेत, काका. तुमच्यासाठीच राखून ठेवलेत." पद्माकर ऐकू लागला. बाराव्या मुद्रणात भिजली सुपारी होती. दबलेली, लांब, विहिरीच्या तळाशी कुणी खडा टाकावा तशी. त्याचं बोट लाल बटणाकडे गेलं आणि वर थांबलं. त्याला वाटलं, हेही दिलं की आपल्याकडे काय उरलं?

त्याने हिरवं बटण दाबलं.

पहिल्या वेळी त्याने दाराकडे बघितलं. दहाव्या वेळी नाही. गठ्ठ्यात अशी त्रेचाळीस होती. त्रेचाळीसही हिरवी झाली. त्याने कुणाचं काही चोरलं नव्हतं, अशी त्याने मनाची समजूत घातली. आपलंच आपल्याजवळ ठेवलं. एक दिवस एखादी भिजली सुपारी निसटेल, परत येईल, आणि मग सगळे त्या काचेपाशी धावत येतील. त्या दिवसाची तो वाट बघू लागला.

ऑगस्टमधल्या सुट्ट्यांनंतर गुस्टाव लाइनवर बसला. त्याला ज्याची शंका येई तेवढंच आता पद्माकरकडे येई. दिवसाला चार. कधी दोन.

ऑक्टोबरात महाराष्ट्र मंडळाने वादसभा ठेवली. रविवारी दुपारी बुर्गरहाउस ह्या नगरभवनाचं सभागृह, कांदेपोहे, आणि विषय: यंत्र खरोखर विचार करतं का? मंडळाच्या सचिव विभावरीताईंना मोठं कौतुक वाटलं, एकाच कारखान्यातले दोघे समोरासमोर. हृषिकेश 'करतं' म्हणणार, पद्माकर 'करत नाही' म्हणणार.

हृषिकेश उभा राहिला. "मंडळी, समोर बसलेले पद्माकरकाका विचार करतात, हे मला कशावरून कळलं? त्यांचं डोकं उघडून मी बघितलेलं नाही. ते बोलतात, बरोबर उत्तर देतात, म्हणून मी मानतो. मग यंत्रानेही बरोबर उत्तर दिलं तर त्याच्यासाठी वेगळा कायदा का? आपला तो बाब्या?"

लोक हसले. पद्माकर सावकाश उठला. त्याने कागद आणला नव्हता.

"माझ्या वडिलांकडे एक इंजिन आलं होतं," तो म्हणाला. "ते त्यांनी तपासलं आणि चांगलं आहे म्हणून परत पाठवलं. चार दिवसांनी भर उन्हाळ्यात, पिकाला पाणी चालू असताना ते बंद पडलं. वडील दोन कोस चालत गेले, शेतात उभं राहून दुरुस्त केलं. आणि रात्री जेवले नाहीत. आई म्हणाली, कुणी काही बोललं का? ते म्हणाले, कुणी बोललं असतं तर बरं झालं असतं." त्याने एकदा हृषिकेशकडे बघितलं. "तो न जेवलेला घास, त्याला मी विचार म्हणतो. हिशेब वेगळा. उत्तर तर तराजूही देतो. ह्याचं यंत्र मी शिकवलं तेवढंच बोलतं. त्याच्या पोटात माझ्याशिवाय दुसरं काही नाही. बरोबर आलं तरी माझं, चुकलं तरी माझं. ज्याला चुकल्याची लाज नाही, त्याला विचार कसला?"

"आणि चुकूनही लाज न वाटणारी माणसं, काका?" हृषिकेश बसल्या जागेवरून म्हणाला. "ती काय करतात?"

"ती राजकारण करतात," मागून कुणीतरी ओरडलं, आणि सभागृह हसून हसून लोटपोट झालं.

हात वर करून मतं घेतली. पद्माकर जिंकला, एकतीस विरुद्ध चौदा. शमिकाचा हात त्या चौदांत होता. एसबानमध्ये, परतीच्या लोकलमध्ये, ऊर्मिला म्हणाली, "बोललात छान. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. पण त्या पोराकडे बघत होतात कसं! त्याने काय घोडं मारलंय तुमचं?"

पद्माकर खिडकीतून उतारावरच्या द्राक्षांच्या ओळी बघत राहिला. टाळ्या अजून कानात होत्या, आणि त्यांच्या तळाशी ते त्रेचाळीस ठोके.

नोव्हेंबरात अकरा गिअरबॉक्स परत आले. मोटार कंपनीने पाठवले होते. हजार-दोन हजार किलोमीटर झाल्यावर कुरकुर सुरू झाली होती. आयझेले स्वतः त्यातला एक गिअरबॉक्स ढकलत काचेपाशी आला. पद्माकर उठला. डोळे मिटले. ज्या क्षणासाठी पाच महिने वाट बघितली तो क्षण गुळासारखा जिभेवर ठेवून त्याने जरा वेळ घेतला.

"भिजली सुपारी," तो म्हणाला. "अकराच्या अकरा खोला."

खोलले. अकरांतही टवका. लाइनवरची माणसं लांबून बघत होती. कुणीतरी म्हणालं, "कान तो कानच." त्या दिवशी पद्माकर घरी जाताना टेकडीवरच्या दीडशे पायऱ्या न थांबता चढला.

दुसऱ्या दिवशी बैठक होती. आयझेले, गुणवत्ताप्रमुख लोरेंत्सबाई, हृषिकेश आणि पद्माकर. हृषिकेशचा चेहरा उतरला होता. रात्रभर जागून त्याने सगळं तपासलं होतं.

"कडक सुपारी त्याने एकही सोडलेली नाही," तो जर्मनमध्ये सांगत होता. "नेमकी भिजलेली, मऊच सोडली आहे. त्यात नियम दिसतो. पण हा नियम आतमध्ये कुठे लिहिलेला सापडत नाही. तो त्याने स्वतःच बनवला असावा."

"शिकवण्यात चूक?" लोरेंत्सबाईंनी विचारलं.

"ती शक्यता मी धरलीच नाही. बटणं हेर शेणोलीकरांनी दाबलेली आहेत."

पद्माकरने टेबलावरचा पाण्याचा पेला उचलला आणि न पिता खाली ठेवला.

लोरेंत्सबाई पुढे झुकल्या. "म्हणजे त्याने कडक आणि मऊ असा भेद स्वतःहून केला? आणि ठरवलं की मऊ आवाज निरुपद्रवी आहे?"

"तसंच दिसतंय."

"म्हणजे त्याचं स्वतःचं मत झालं म्हणायचं." त्यांचा आवाज बदलला होता. चूक सापडल्याचा तो आवाज नव्हता, नवल बघितल्याचा होता. आयझेलेही मिशीवरून बोट फिरवत म्हणाला, "गेनाऊ, अगदी तसंच. आणि कोण जाणे, त्याचंच बरोबर असेल. मोटार कंपनीच जास्त नाजूक असेल. गुस्टावने कदाचित आपल्यापुढचा विचार केला."

पद्माकरने नुसतं गप बसायचं होतं. गप बसायला तर तो लहानपणी शिकला होता. अकरा गिअरबॉक्स खोक्याच्या नावावर गेले असते, काचेची खोली पुन्हा भरली असती, हृषिकेशचं फार तर काय व्हायचं ते झालं असतं. पण त्या दोघांच्या डोळ्यांतलं नवल त्याला दिसलं. तेच नवल, जे नव्याण्णव साली लांब स्क्रूड्रायव्हरपुढे त्याने ह्या देशात बघितलं होतं. ते आता खोक्याला मिळत होतं. तेही चुकीबद्दल! चूक पद्माकरची, पाप पद्माकरचं, त्याने आपल्या बोटाने केलेलं, आणि त्याचंही श्रेय त्या राखी डब्याला!

"नाइन! नाही!" तो ओरडला. तिघे दचकले. "त्याने काही विचार केलेला नाही. त्याला विचार येतच नाही. ते मी केलं. मऊ सुपारीला हिरवं बटण मी दाबलं. त्रेचाळीस वेळा. ऐकू आली होती, स्वच्छ ऐकू आली होती, तरी दाबलं."

मग आयझेलेने हळू विचारलं, "का?"

मत्सराला जर्मनमध्ये शब्द आहे आणि तो पद्माकरला येत होता. पण तोंडातून निघेना. शेवटी तो म्हणाला, "ते माझ्या खोलीत आलं."

बाहेर कॉरिडॉरमध्ये हृषिकेशने त्याला गाठलं. "काका, माझा करार मार्चपर्यंतचाच आहे. हे माझ्यावर शेकलं असतं. तुम्हाला माहीत होतं."

"होतं."

"मग केलंत का?"

"जळलो."

"माझ्यावर?"

"तुझ्यावर कशाला जळू? तुला सुपारी ऐकू येते का?" पद्माकर म्हणाला. "खोक्यावर."

हृषिकेशला हसावं की रडावं कळेना. चष्मा काढून तो शर्टाला पुसत राहिला. "त्या दिवशी सभेत लाजेचं म्हणालात..."

"वाटते. वाटत्ये ना."

"मग वाद तुम्हीच जिंकलात," हृषिकेश म्हणाला, आणि त्यात गोडवा नव्हता.

घरी ऊर्मिलाने सगळं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला. "अहो, बाईच्या पायी केलं असतंत तर मी समजू तरी शकले असते. शेजारणींना काय सांगू, नवरा डब्यावर जळला म्हणून?" शमिका दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. "दास वार गेमाइन, पापा," ती म्हणाली. हे नीचपणाचं होतं, बाबा. मग दाराच्या चौकटीला टेकून मराठीत, एकेक शब्द शोधत, म्हणाली, "पण तू सांगितलं. कुणी विचारलं नव्हतं." ती बापाला अरे-तुरे करी, आणि तेवढ्यापुरतं आज त्याला ते बरं वाटलं.

आबमानुंग आली, म्हणजे लेखी ताकीद. आयझेलेने ती हातात दिली तेव्हा तो म्हणाला, "तुमच्या कानावर माझा विश्वास आहे, हेर शेणोलीकर. बोटावर नाही." म्हणून असं ठरलं की खोली राहील, पण त्यात पद्माकरच्या शेजारी गुस्टावचा एक दिवा बसेल. पद्माकर लाल म्हणाला आणि दिवाही लाल असला तर लाल. दोघांचं जुळलं नाही तर गिअरबॉक्स खोलून बघायचा. कानाला आता साक्षीदार लागणार होता.

त्रेचाळीस मुद्रणं त्याने पुन्हा ऐकली, हृषिकेशला शेजारी बसवून. एकेका बटणाला हृषिकेश विचारी, "नक्की?" आणि दर वेळी पद्माकर म्हणे, "नक्की." सगळी लाल झाली. मग खोकं आठवडाभर आपलं आपण काहीतरी नव्याने घोकत राहिलं.

जानेवारीतल्या एका सकाळी खोलीत गिअरबॉक्स आला. पद्माकरने डोळे मिटले. तिसऱ्या फेऱ्याला त्याला दबलेलं काहीतरी लागलं. चौथ्याला पुन्हा. भिजली सुपारी, आणि तीही अशी मऊ की गेल्या वर्षभरात एवढी मऊ त्याने ऐकली नव्हती. त्याने डोळे उघडले आणि बटणाकडे हात नेला.

दिवा आधीच लाल झालेला होता.

त्याने दिव्याकडे बघितलं. मग बटण दाबलं, लागतं त्याहून जरा जास्त जोराने, आणि पुढचा गिअरबॉक्स आत घ्यायला सांगितला. ह्या खेपेला त्याने डोळे मिटले नाहीत. एक डोळा दिव्यावर ठेवून तो ऐकू लागला.